मोकळा आहे, बिनधास्त लाव

माझ्या मुलीने जेवताना 'सर' हा शब्द किती वेळा उच्चारला ते मी एकदा मोजलं होतं. एक भाकरी संपेपर्यंत सतरा वेळा. सर म्हणतात असं, सरांनी मागवलं तसं, सरांचा स्वभावच वेगळा. अठराव्या वेळी मी ताट सरकवून उठलो. अंजनी, म्हणजे माझी बायको, आमटीची पळी हातात तशीच धरून म्हणाली, "अहो, तोंड बघा जरा आरशात. कुणी सवत आणून बसवल्यासारखं झालंय."

सवत आली असती तर ती अंजनीच्या उरावर आली असती. हा माणूस माझ्या उरावर बसला होता.

मी हिंदुराव. मूळचा कराडकडचा, राहायला बदलापूरला कात्रपमध्ये, आणि उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझं सायलेन्सरचं दुकान आहे. सायलेन्सरचं दुकान म्हटलं की लोकांना वाटतं आवाज वाढवून देणारा. तसले माझ्या रांगेत पुष्कळ आहेत. बुलेटला फटाके फोडणारी नळकांडी लावून देतात, मग पोलीस ती काढून घेतात आणि रोलरखाली घालतात, की पोरं परत यांच्याच दारात. मी आवाज वाढवत नाही, बसवतो. गळका पाइप, कुजलेला डबा, खडखडणारी प्लेट. आणि कॅट.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनाचा धूर मागे जाताना वाटेत एका पत्र्याच्या डब्यातून जातो. डब्यात चिनी मातीची, बारीक बारीक भोकांची जाळी असते, तिच्यावर महागड्या धातूंचा लेप असतो, आणि धुरातलं बरंचसं विष तिथे जळून जातं. जाळी तुंबली किंवा वितळली की गाडी गुदमरते. ती तुंबली आहे की नाही, हे मी हाताने सांगतो. एका बाजूने कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि दुसऱ्या तोंडाशी उजवा तळहात धरायचा. हवा भरून येते की एका कडेने सुईसारखी येते, यावरून आत काय झालंय ते मला कळतं. मोठमोठ्या वर्कशॉपमधून माझ्याकडे डबे यायचे ते या हातासाठी. अठ्ठावीस वर्षांत हात एकदाही खोटा ठरला नव्हता.

तेजस्वी, माझी एकुलती एक, याच दुकानात वाढली. शाळा सुटली की जुन्या टायरवर बसायची, डोळे गच्च मिटायची आणि रस्त्यावरून जाणारी गाडी आवाजावरून ओळखायची. दहात नऊ बरोबर. शेजारच्या गॅस्केटवाल्या सिंध्याने एकदा तिची परीक्षा घेतली आणि तिला बिस्किटाचा पुडा देऊन मला म्हणाला, "साईं, लडकी के कान में मशीन है."

लग्नाआधी आणि नंतर मिळून मी सात वर्षं मस्कतला होतो, तिथेही सायलेन्सरच्याच दुकानात. तिथली पोरं रोटरी इंजिनच्या जपानी स्पोर्ट्स कार आणायची. या इंजिनात पिस्टन वर-खाली होत नाहीत. तीन कोनांचा, फुगीर बाजूंचा एक रोटर बंद खोलीत गरगर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात, सील म्हणतात त्यांना, आणि त्या खोलीच्या भिंतीला घासत राहतात. त्या शाबूत तर इंजिन शाबूत. त्या इंजिनाचा धूर भयंकर तापलेला असतो. त्याला मागे वाट मोकळी नसली तर काय होतं ते मी पाहिलंय. पाइप लालभडक होतात. पण आवाज! उभी असली की थांबत, अडखळत 'ब्रॅप, ब्रॅप, ब्रॅप' आणि पळवली की एकसलग भुंगा. मी तो आवाज तोंडाने काढायचो. तेजस्वीला झोपताना गोष्ट नको असायची. "पप्पा, ब्रॅप करा," म्हणायची आणि खिदळत झोपायची.

आता तिचे ते सर. अल्पेश मढवी, जांभूळ गावचा. घरची जमीन, त्यातली काही विकली गेली, त्यातून अंबरनाथ पश्चिमेला बदलापूरच्या रस्त्यावर गॅरेज काढलं. खाली पांढऱ्या टाइल्स, भिंतीवर हत्यारांची चित्रं काढून त्या त्या चित्रावर ते ते हत्यार टांगलेलं. गॅरेजमध्ये एसी! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं दातांचा दवाखाना आहे. तेजस्वी इंजिनिअर झाली तेव्हा मी तिच्यासाठी दुकानात नवं टेबल करून घेतलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, एक वर्ष तिथे शिकते, मग येते." तीन वर्षं झाली. टेबलावर मी आता जुने नट-बोल्ट ठेवतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. तेजस्वी संध्याकाळी घरी आली, चपला काढायच्या आधीच दारात उभी राहिली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "पप्पा, सरांनी काय आणलंय ओळखा." आणि तोंडाने आवाज काढला. ब्रॅप, ब्रॅप, ब्रॅप.

परदेशातून परतलेल्या कुणा डॉक्टरने सामानाबरोबर आणलेली रोटरी, बारा वर्षं लोणावळ्याच्या बंगल्यात ताडपत्रीखाली पडलेली. अल्पेशने ती टेम्पोवर घालून अंबरनाथला आणली होती.

माझी गोष्ट होती ती. माझा आवाज. मी इतकी वर्षं गळ्यात जपलेला, आणि तो जाऊन उभा राहिला त्या माणसाच्या पांढऱ्या टाइल्सवर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेजस्वी वाट बघत उभी होती, मी काहीतरी विचारीन म्हणून. कोणता रंग, चालू आहे का, मी येऊ का बघायला, काहीही. सांगायला लाज वाटते, पण मी अंजनीकडे ताक मागितलं.

त्यानंतर चार महिने तेजस्वी लवकर जायची आणि उशिरा यायची. काय करतेस असं मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मी माझ्यापुरतं धरून चाललो होतो की इंजिन बांधायला कुणी पुण्याबिण्याचा कारागीर आणला असेल आणि ही बाजूला लॅपटॉप घेऊन बसत असेल. रविवारी दुकानात यायची तीही बंद झाली. अंजनी म्हणाली, "पोरगी कामात आहे." मी म्हटलं, "असू दे की. सर आहेत ना."

मार्चमध्ये एका दुपारी दोघं माझ्या दुकानात आले. अल्पेशच्या गळ्यात साखळी, हातात कडं, चाळिशीचा धिप्पाड माणूस, पण वाकून नमस्कार केला. तोही मला खुपला. तेजस्वीने गाडीतून एक लांब पाइप काढून बेंचवर ठेवला. मध्ये कॅट, दोन्ही बाजूंना वाकडे पाइप, सगळं एकत्र वेल्डिंग केलेलं. आधीच्या मालकाने कुणाकडून तरी करून घेतलेलं काम.

"काका," अल्पेश म्हणाला, "मी हिला बोल्लो, काडून टाक तो डबा. सरल पाइप मारू, मागून आग फेकली पायजे गाडीनी. पर तुमची पोरगी आयकंल तं शपथ."

"कॅट राहणार, सर," तेजस्वी म्हणाली. "या गाडीला तर जास्तच लागतो. ऑइल जाळते, कच्चं पेट्रोल मागे टाकते. मागून येणाऱ्या बाईकवाल्याचे डोळे जातील. फक्त हा कॅट चांगला आहे की नाही तेवढं बघायचंय. चांगला नसेल तर दुसरा शोधू."

हे सगळं तिने माझ्याकडूनच घेतलेलं होतं, शब्दन् शब्द. मला त्यातला ऐकू आला फक्त 'सर'.

"पाइप वाकडा हाय, बॅटरी मारून पल्याडचा दिसत नाय," अल्पेश म्हणाला. "मी बोल्लो, पुन्याशी कॅमेरा मागवतो. दोन दिस लागतील."

"कॅमेरा कशाला?" तेजस्वी म्हणाली. "पप्पांचा हात आहे."

एवढ्यावर मी विरघळायला हवं होतं. विरघळलोही होतो थोडा. तिने कॉम्प्रेसरची नळी एका तोंडाला लावली, मी दुसऱ्या तोंडाशी तळहात धरला. लहानपणी असंच करायचो आम्ही. हवा सुरू झाली, जरा जोरात झाली. आणि मागून अल्पेश म्हणाला, "तेजू, वाल्व कमी कर जरा."

तेजू हे नाव घरातलं. मी ठेवलेलं. दुकानात चार माणसं असली तर मीसुद्धा तिला तेजस्वी म्हणतो. आणि ती मागे वळून न बघता "हो सर" म्हणाली आणि व्हॉल्व्ह कमी केला. माझ्या दुकानात, माझ्या कॉम्प्रेसरचा.

तळहाताला हवा लागत होती ती फक्त खालच्या कडेला, बोटभर. बाकी सगळं मुकं. जाळी वितळून गोळा झाली होती, ती बोटभर कड सोडली तर सगळी बंद. मला ते तत्क्षणी कळलं. अठ्ठावीस वर्षांच्या हाताला ते कळायला वेळ लागत नाही.

मी हात काढला, फडक्याला पुसला आणि म्हटलं, "मोकळा आहे. बिनधास्त लाव."

"बघा सर!" तेजस्वी म्हणाली.

ते गेल्यावर मी चहा मागवला आणि स्वतःची समजूत घातली. काय होणार आहे? गाडीचा पिक-अप जाईल, आठ दिवस तो मढवी डोकं खाजवेल, मग झक मारत इकडे येईल. मग मी तेजूच्या समोर डबा कापीन, दाखवीन, आणि तिला कळेल की टाइल्स लावल्या म्हणून कुणी मेकॅनिक होत नाही. इंजिनाला काही होईल असा विचार मी केला नाही. खरं सांगायचं तर तो येत होता, मी येऊ दिला नाही. मस्कतचे लाल पाइप मला आठवत होते आणि मी चहात बिस्किट बुडवत होतो.

पुढच्या रविवारी सकाळी पहिला स्टार्ट होता. नारळ माझ्या हातून फुटला पाहिजे, असा तेजस्वीचा हट्ट. आमच्या धंद्यात इंजिन बांधून झालं की उस्तादाच्या हातून नारळ फोडतात, मगच किल्ली फिरवायची. मी कात्रपच्या नाक्यावरून नारळ घेतला आणि मनात म्हटलं, उस्ताद तर तुझे ते आहेत, मला कशाला ओढतेस.

गाडी पांढरी होती, बसकी, दिवे पापण्या मिटल्यासारखे बंद. मस्कतनंतर पहिल्यांदाच बघत होतो. गॅरेजमधली पोरं, अल्पेशची म्हातारी मावशी, सगळी जमली होती. तेजस्वीने माझ्या हातात एक वही दिली. दोनशे पानी, शाळेची असते तशी. पानापानावर तिच्या अक्षरात मापं. रोटर, भिंत, सील, फट, तीन-तीनदा मोजून लिहिलेली.

"पप्पा," ती म्हणाली, "हे इंजिन मी बांधलंय. एकटीने. सरांनी हातसुद्धा लावला नाही. त्यांना मी सांगितलं होतं, पप्पांना कळू द्यायचं नाही, एकदम ऐकवायचं."

माझ्या तळहाताला घाम फुटला. मी दगडावर नारळ आपटला. आत नासका निघाला. काळपट, घाण वास. अल्पेशची मावशी पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटली. तेजस्वी हसली, म्हणाली, "चालतं हो," आणि आत बसून तिने किल्ली फिरवली.

ब्रॅप. ब्रॅप, ब्रॅप.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेजस्वी माझ्याकडे बघत होती, फक्त माझ्याकडे. आणि मला त्या आवाजाच्या शेपटीला दबलेपणा ऐकू येत होता, कुणाच्या तोंडावर उशी धरावी तसा. तेव्हाच बोलायला हवं होतं. 'बंद कर,' एवढंच. पण मग पुढचं वाक्य काय बोलणार होतो? ज्या दिवशी तिने हे सगळं माझ्यासाठी मांडलं, त्या दिवशी मी त्या माणसासमोर सांगणार होतो की मी खोटं बोललो? मी एवढंच म्हटलं, "आज लांब नेऊ नका."

"जांभूलपर्यंत तं नेनारच काका," अल्पेश म्हणाला. "आई दारात उबी हाय बगायला."

गाडी जांभूळला पोचली नाही. जलशुद्धीकरण केंद्राच्या अलीकडे मागून पांढरा धूर आला, आवाज तुटला आणि ती थांबली. परत चालू झाली नाही. टेम्पोवरून परत आली.

इंजिन उघडलं. एक सील तुटलं होतं आणि भिंतीवर लांब ओरखडा. गॅरेजमध्ये दोन तट पडले. मावशी आणि पोरं म्हणाली, नारळ नासका निघाला तेव्हाच थांबायला हवं होतं. तेजस्वी म्हणाली, नारळाचं काही नाही, माझं माप चुकलं. माझा हात चुकला असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. अल्पेशने एकदा म्हटलं म्हणे, "कॅटमंदी बगू का?" तर हिने सांगितलं, "तो पप्पांनी बघितलाय. तिथे वेळ घालवू नका." हे तिनेच मला घरी सांगितलं, अभिमानाने.

जपानहून नवे सील यायला वीस-बावीस दिवस लागले. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तेजस्वी घरी येऊन ती वही उघडून बसायची. तीच मापं परत परत वाचायची. जेवताना 'सर' एकदाही नाही. मला हवं होतं तसंच झालं होतं, आणि घास खाली उतरत नव्हता. एके दिवशी डोळे मिटून बसली होती, खालून एक गाडी गेली. मी म्हटलं, "ओळख बघू." ती म्हणाली, "राहू द्या पप्पा. माझ्या कानावर आणि हातावर मीच विश्वास ठेवत नाही आता."

अंजनीने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की पोरीने राजीनामा लिहून ठेवलाय. हे इंजिन एकदा परत बांधून द्यायचं आणि मग कुठल्याशा टायर कंपनीच्या ऑफिसात बसायचं. गाड्यांना हात लावायचा नाही.

आणि अल्पेश? तो रागावला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, पोरीला हाकलली असती, तर मी म्हटलं असतं, बघ, असा आहे तुझा सर. पण त्याने तिला एका शब्दाने दुखवलं नाही. "गाडी हाय, परत बनंल," म्हणाला. त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटला. माझ्या पोटात काय दुखत होतं ते विचारू नका, पाप आणि जळफळाट एकाच जागी दुखत होते.

मी मस्कतच्या जुन्या सोबत्याला, सुलेमानला, फोन करून त्याच गाडीचा नवा कॅट मागवला. तो आला आणि बेंचखाली पोत्यात पडून राहिला. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज संध्याकाळ व्हायची.

मग तेजस्वीचा फोन आला. "पप्पा, उद्या सकाळी परत स्टार्ट. सर गावदेवीपुढचा नारळ आणणार आहेत. पण फोडायचा तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी मी पोतं रिक्षात टाकून गेलो. गाडी लिफ्टवर चढवलेली होती, तेजस्वी खाली उभी राहून जुन्या पाइपचे बोल्ट आवळत होती. शेवटचा राहिला होता.

"तेजू, तो कॅट लावू नकोस," मी म्हटलं.

"का?"

"जाम आहे. आतून वितळलाय. इंजिन त्याच्यामुळे गेलं."

तिने पाना खाली केला. "तुम्हीच तर सांगितलंत मोकळा आहे."

"खोटं सांगितलं."

तेजस्वी माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हसत होती.

"पप्पा, पुरे हं. आईने सांगितलं ना तुम्हाला राजीनाम्याचं? माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊ नका. तुमचा हात चुकत नाही, सगळ्या उल्हासनगरला माहितीये."

"अगं, खरंच सांगतोय."

"बाप असावा तं असा," अल्पेश म्हणाला. एवढा मोठा माणूस, पोरांच्या देखत खाली वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. "काका, अठ्ठावीस वर्सांची इज्जत पोरीसाटी पनाला लावली तुमी."

तीन वर्षं मला हेच तर हवं होतं. तेजूच्या समोर, त्याच्या टाइल्सवर, तो खाली आणि मी वर. आणि सुटकाही समोर ठेवलेली होती. पोत्यातून नवा कॅट काढायचा, म्हणायचं, बरं बाबा, माझ्या समाधानासाठी हा लावा. त्यांनी लावला असता. इंजिन वाचलं असतं, मी देव झालो असतो. फक्त तेजू जन्मभर समजत राहिली असती की तिचं माप चुकलं होतं. वही कपाटात गेली असती आणि ती टायरच्या ऑफिसात.

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. बराच वेळ झाला.

मग मी तिच्या हातातला पाना घेतला, बोल्ट सोडले, पाइप उतरवला आणि बेंचच्या शिकंज्यात धरला. भिंतीवरच्या चित्रातून ग्राइंडर काढला. तेजस्वी म्हणाली, "पप्पा, काय करताय? चांगला कॅट आहे!" मी डबा मधोमध कापला. ठिणग्या पांढऱ्या टाइल्सवर उडाल्या. दोन तुकडे झाले, तेव्हा आतलं सगळ्यांना दिसलं. जाळीच्या जागी काळा, काचेसारखा गोळा, आणि खालच्या कडेला बोटभर भोकं.

तेजस्वी जवळ आली. बॅटरी लावून तिने आत पाहिलं. गोळ्यावरून बोट फिरवलं, मग त्या बोटभर जागेवरून. मोकळी जागा नेमकी कुठे आहे ते तिने पाहिलं, आणि त्या दुपारी माझा तळहात कुठे होता तेही तिला आठवलं असणार. तिचा चेहरा उतरत गेला. पण पहिली गोष्ट तिने काय केली, तर वही उघडली.

"म्हणजे माप बरोबर होतं," ती हळूच म्हणाली.

"बरोबर होतं. पहिल्यापासून."

"आणि तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"का पप्पा?"

"जळत होतो," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. "तू याला सर म्हणतेस म्हणून. याने तुला तेजू म्हटलं म्हणून. ही गाडी माझ्या दारात आली नाही म्हणून. इंजिन तू बांधलंयस हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर केलं नसतं, एवढंच सांगू शकतो."

अल्पेश माझ्याकडे बघेना. त्याने टाइल्सवर पडलेला पत्र्याचा भुगा पायाने बाजूला केला. मला वाटलं आता तेजू ओरडेल. ओरडली असती तर चाललं असतं. ती वळली आणि म्हणाली, "सर, तो पुण्याचा कॅमेरा मागवून घ्या. यापुढे हातावर काही पास करायचं नाही. कुणाच्याच."

नवा कॅट मीच बसवला. आर्गन गॅसवर वेल्डिंग केलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक. दोन दिवसांनी कॅमेरा आला. तेजस्वीने माझ्या देखत त्याची वायर पाइपात सरकवली, पडद्यावर इंच-इंच पाहिलं, माझा जोडसुद्धा आतून पाहिला, आणि वहीत लिहिलं, 'ठीक'. अठ्ठावीस वर्षांत माझं काम तपासणारी ती पहिली. मी शेजारी हात मागे बांधून उभा होतो.

नारळ अल्पेशने फोडला. पांढराशुभ्र निघाला. तेजस्वीने किल्ली फिरवली आणि गाडी बोलली, अडखळत, मोकळी, मस्कतला ऐकली होती तशी. या वेळी तिने कुणाकडेच पाहिलं नाही. तिने डोळे मिटून घेतले होते आणि ती ऐकत होती, टायरवर बसून ऐकायची तशी. राजीनामा तिने फाडला की नाही ते मला अंजनीकडूनच कळणार होतं. मी गॅरेजच्या दारात उभा राहून तो आवाज ऐकला, आणि एवढं सगळं होऊनही मला वाटलं, हा माझ्या दुकानात व्हायला हवा होता.

गाडी बंद केल्यावर तिने खोबऱ्याची ताटली फिरवली. आधी अल्पेशला, मग मावशीला, मग पोरांना. माझ्यापाशी आली तेव्हा मी उजवा हात पुढे केला. सगळ्यांना दिला तेवढाच तुकडा तिने माझ्याही तळहातावर ठेवला आणि पुढे गेली.